आतून ओली

काकूंचा फोन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. "अगं, तुझी भिंत ओली झालीय."

मी विचारलं, गळतंय का कुठे? नळाच्या बाजूला की खिडकीच्या?

"गळत काही नाही. हात लावला तर कोरडी ठणठणीत. आतून ओली आहे. कातडीखाली पाणी साठावं तशी."

चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाई. इतकं नेमकं वर्णन मी टाइलच्या कुठल्या माहितीपत्रकातही वाचलेलं नाही.

मी तेवीस वर्षं पुण्यात लोकांची स्वयंपाकघरं करते. फुगलेला प्लाय, अडकणाऱ्या ट्रॉल्या, सिंकखालची वाळवी, उलटा श्वास घेणारी चिमणी, या तक्रारी मला फोन वाजल्यावर आवाजावरूनच ओळखू येतात. हाताला कोरडी आणि डोळ्याला ओली ही मात्र पहिलीच. तरी फोन ठेवता ठेवता मला कळलं होतं की काय झालं असणार. काकूंच्या फायलीत एक घडी घातलेला कागद होता. त्यावर सात ओळी होत्या. सहा ओळींचा अर्थ मला फेब्रुवारीत, नुकसान सोसून, कळला होता. सातवी मी 'हे काय सांगायला हवं का' म्हणून सोडून दिली होती.

गोष्ट सुरू झाली आदल्या दिवाळीत. काकूंची मुलगी बोस्टनला असते. तिच्याकडच्या स्वयंपाकघराचा फोटो तिने मला पाठवला आणि लिहिलं, आईकडेही असाच बॅकस्प्लॅश कर. आपल्याकडे साइटवर ओट्यामागच्या टाइलच्या पट्ट्याला डॅडो म्हणतात. मिस्त्री, प्लंबर, दुकानदार सगळे. बॅकस्प्लॅश हा शब्द मोबाइलवरच्या फोटोंबरोबर आला आणि मी तो डॅडोचा इंग्रजी अवतार समजून चालले. या दोन शब्दांत केवढा फरक आहे ते मला पुढे मावशींनी शिकवलं. मावशी म्हणजे काकूंकडे भांड्याला येतात त्या. त्यांच्याकडे येईनच.

फोटोतली टाइल सुंदर होती, वाद नाही. फिकट हिरवट-निळी, तलावाच्या उथळ पाण्यासारखी, आणि झिलईच्या आत केसाएवढ्या रेषांचं जाळं. क्रॅकल ग्लेझ. काकूंनी फोटो चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "नवी टाइल तडकलेली का घ्यायची?" पुढच्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. मिस्त्रींनी तर सहानुभूतीने विचारला, दुकानदाराने मला फसवलंय या समजुतीने.

पुण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या क्रॅकल टाइल बहुतेक छापील असतात. मोरबीच्या कारखान्यांत साध्या टाइलवर रेषांचं चित्र छापतात आणि वर सलग झिलई. त्या लावायला सोप्या, पुसायला सोप्या आणि दिसायला मेल्यासारख्या. मुलीला खऱ्या हव्या होत्या. माझी एक मैत्रीण भोरच्या रस्त्यावर भट्टी चालवते, तिच्याकडे गेले. दोन फूट उंच, दहा फूट लांब डॅडो, तीन बाय सहा इंचाची टाइल, म्हणजे 160 नग. तुटफूट धरून 180 सांगितल्या.

पहिली भट्टी उघडायच्या दिवशी तिने मला मुद्दाम बोलावलं. टाइल बाहेर काढून लाकडी फळीवर मांडल्या होत्या, अजून हाताला गरम. आम्ही चहा घेत बसलो आणि फळीवरून आवाज यायला लागले. टिण्‌. मग बराच वेळ काही नाही. मग टिण्‌ टिण्‌, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. जलतरंगाच्या वाट्या कोणी नखाने वाजवून बघावं तसे. "तडकतायत," ती म्हणाली. "रात्रीपर्यंत चालेल. काही तर आठवड्यानेही बोलतात."

कारण तिने तिच्या पद्धतीने सांगितलं. सुती पोलका पहिल्या धुण्यात आटतो, अंग काही आटत नाही. मग शिवण उसवते. इथे माती म्हणजे अंग आणि ग्लेझ म्हणजे पोलका. भट्टीत हजारापेक्षा जास्त अंशांवर ग्लेझ वितळून मातीला चिकटते. थंड होताना दोन्ही आकसतात, पण ग्लेझमध्ये सोडियम-पोटॅशियम जास्त आणि सिलिका कमी ठेवली की ती मातीपेक्षा जास्त आकसते. आखूड पडते. ताण सुटायला तिच्यापुढे एकच वाट, तडकायचं. "कपबशीला झालं तर लोक परत आणून देतात," ती म्हणाली. "मुद्दाम केलं तर जास्त पैसे देतात."

साध्या टाइलच्या बाबतीत हा दोषच धरतात आणि तो पुढे उद्भवणार नाही ना, याची परीक्षाही घेतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टाइल एका बंद भांड्यात 500 किलोपास्कल दाबाच्या वाफेत दोन तास ठेवायची, मग तिच्यावर रंग फासून रेषा उमटतात का बघायचं. आपला घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण 100 किलोपास्कलचा दाब असतो, त्याच्या पाचपट. स्वयंपाकघरातली वस्तू कुकरमध्येच पारखतात हे मला फार आवडलं. क्रॅकल टाइल अर्थातच या परीक्षेला बसत नाही. ती आधीच नापास होऊन आलेली असते.

ही खोड जुनी आहे. चीनमध्ये दक्षिण सुंग राजवटीत, म्हणजे 1127 ते 1279 या काळात, दरबारासाठी होणाऱ्या गुआन भांड्यांवर या रेषा मुद्दाम राखत. 'ग' नावाच्या भांड्यांत तर रेषांची दोन जाळी असतात, एक जाड आणि काळं, एक बारीक आणि पिवळसर. चिनी रसिक त्याला सोन्याचा दोरा आणि लोखंडी तार म्हणतात. त्या रेषा नुसत्या तडकलेल्या नसतात, त्यांत रंग मुरवलेला असतो. मी ही भांडी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिलीत, 95 नंबरच्या दालनात. तिथल्या सतराशेच्या आसपास वस्तू ज्यांनी जमवल्या ते सर पर्सिव्हल डेव्हिड 1892 साली आपल्या मुंबईत जन्मले. बँक ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार असलेल्या सर ससून डेव्हिड यांचे ते चिरंजीव. पाटीवर मुंबईचं नाव वाचून मला उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं झालं आणि मी त्या दालनात जरा जास्त वेळ रेंगाळले. पण त्या भांड्यांत कोणी फोडणी केलेली नव्हती हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मैत्रिणीने विचारलं, रेषा भरून देऊ का? ती टाइल गरम असतानाच त्यांच्यावर कडक चहा किंवा पातळ शाई फिरवते. ती रेषांत शिरते, वरचं पुसून टाकलं की जाळं ठसठशीत उठतं. मी फोन लावला. काकू म्हणाल्या, "नको गं, स्वच्छच असू दे." मैत्रीण हसली. "बरं. मग त्या तुमच्या स्वयंपाकघराने भरायच्या."

निघताना तिने सात ओळींचा कागद दिला. मी तो फायलीत घातला. मला टाइल कशा लावतात ते कोणी सांगायची गरज होती का? तेवीस वर्षं.

फेब्रुवारीत काम सुरू झालं. माझे मिस्त्री लातूरकडचे आहेत, पंधरा वर्षं माझ्याबरोबर. ओळंबा न लावता सांगतात की भिंत किती सुताने बाहेर आहे. सकाळी दहाला मी साइटवर पोचले तर ते निवांत तंबाखू मळत बसलेले. टाइल कुठेत विचारलं. त्यांनी बाल्कनीकडे मान वळवली. बाल्कनीत लोखंडी पिंप, पिंपात पाणी, पाण्यात साठ टाइल. रात्रभर.

मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं झाली. भिजवल्याशिवाय टाइल लावली नाही आणि माझी टाइल कधी पोकळ वाजली नाही."

आणि यातलं एक अक्षर चूक नाही. सिमेंटच्या स्लरीवर कोरडी टाइल लावली तर ती स्लरीतलं पाणी पिऊन टाकते, सिमेंट नीट धरत नाही आणि दोन वर्षांनी टाइलवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो. म्हणून भिजवायची. ज्या मिस्त्रींनी भिजवली नाही त्यांच्या टाइल आजही पडतात. आमच्याकडे या वेळी स्लरी नव्हती, पिशवीतला पांढरा अ‍ॅडहेसिव्ह होता, त्याला भिजवलेली टाइल लागत नाही. पण हे मिस्त्रींना सांगायचं काम कोणाचं होतं? कागदावरची पहिलीच ओळ होती: टाइल पाण्यात बुडवू नका.

काकूंच्या स्वयंपाकघरात पिठं मोजायचा छोटा काटा होता. मी एक कोरडी टाइल त्याच्यावर ठेवली. 210 ग्रॅम. मग पिंपातली पुसून ठेवली. 236. तळहाताएवढ्या वस्तूच्या पोटात सव्वीस ग्रॅम पाणी, पाच चमचे आणि वर थोडं. साध्या टाइलमध्येही मागच्या बाजूने एवढं पाणी जातं, पण समोरून दिसत नाही. झिलई सलग आणि अपारदर्शक असते. इथे झिलई काचेसारखी आरपार आणि वर तिला शेकडो तोंडं. हिरवट-निळी टाइल गढूळ झाली होती. आणि पिंप गंजलेलं होतं.

आम्ही साठच्या साठ टाइल गच्चीवर उन्हात मांडल्या. नऊ दिवस. अडतीस पहिल्यासारख्या झाल्या. बावीस टाइलच्या रेषांत गंज बसला होता, तांबूस, बारीक, कायमचा. मी त्यातली एक मैत्रिणीला नेऊन दाखवली. तिने ती खिडकीशी धरली, फिरवली, आणि म्हणाली, "मी यासाठी चहा वापरते. तुझ्याकडे गंज वापरतात होय?" पुन्हा भाजून निघेल का विचारलं. ती म्हणाली, ग्लेझ वितळेल, जुन्या रेषा मिटतील, थंड होताना नव्या पडतील, पण लोखंड जाणार कुठे, ते झिलईतच विरघळून बसेल. तिने तीस नव्या करून दिल्या. तीन आठवडे गेले. नव्या किंचित जास्त हिरव्या निघाल्या. मी त्या सगळीकडे विखरून टाकल्या आणि आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्यानंतर मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या ऑफिसातल्या दोन मुली आणि मी, काकूंच्या हॉलमध्ये प्लास्टिक पसरून बसलो आणि एकेका टाइलला सीलर लावला. हा वर तकतकीत थर देणारा लाखेसारखा सीलर नव्हे. हा रेषांत आणि मातीत झिरपतो. स्पंजने लावायचा, दहा मिनिटांच्या आत कोरड्या फडक्याने पुसायचा, नाहीतर वर चिकट धुकं धरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. हॉलभर ओळीने मांडलेल्या टाइल पाहून काकू म्हणाल्या, "रुखवत मांडल्यासारखं दिसतंय." शेजारच्या दोघी बघूनही गेल्या.

नंतर लक्षात आलं की त्या कागदावरची जवळजवळ प्रत्येक ओळ पाण्याबद्दलच होती. आणि आपल्याकडचं टाइलचं काम म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंत पाणी. कटर चालतो तो पाण्याच्या धारेखाली. कापलेल्या कडेला सीलर नसतो, तिथून पाणी आत ओढलं जातं, म्हणून कापलेली टाइल एक दिवस वाळवायची, कडेला सीलर लावायचा, मग भिंतीवर. सांधे भरले की ओल्या स्पंजने पुसायचं. इथे स्पंज पिळून पिळून जवळजवळ कोरडा. आणि सगळं झालं की भिंतीला पाणी मारायचं. डॅडो पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर मिस्त्रींचा पोरगा मग भरभरून भिंतीवर पाणी मारत होता. "बाबांनी सांगितलं, तीन दिवस मारायचं." मिस्त्रींना पाणी न मारता काम सोडणं म्हणजे लेकराला न जेवता झोपवणं वाटतं. सुदैवाने तोवर सीलर बसला होता. थेंब मोत्यांसारखे घरंगळून गेले.

सांध्यांच्या बाबतीत मला माझीच सवय मोडावी लागली. स्वयंपाकघरात मी गिऱ्हाइकाशी भांडून इपॉक्सी ग्राऊट घालते, कारण सिमेंटचे सांधे वर्षभरात पिवळे पडतात. पण इपॉक्सी म्हणजे राळ. ती चुकून या रेषांत शिरली तर तिथेच घट्ट होते आणि पुन्हा काढता येत नाही. गडद रंगाचा ग्राऊटही नको, त्याची पूड रेषांत बसते. एका प्लायच्या तुकड्यावर सहा टाइल चिकटवून आम्ही तीन ग्राऊट करून पाहिले आणि दुधाळ रंगाचा, वाळू नसलेला, सिमेंटचा निवडला. मिस्त्री खूश झाले. त्यांना इपॉक्सीचा वास आवडत नाही. शेवटी काम धुवायला त्यांनी अ‍ॅसिडची बाटली काढली तेव्हा मला ओरडावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच माझ्याकडे पाहिलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली.

गुढीपाडव्याला काकूंनी नव्या ओट्यावर श्रीखंडासाठी चक्का टांगला. बोस्टनला फोटो गेले. मुलीने हृदयं पाठवली. मी बिल पाठवलं.

आणि जुलै.

मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खालच्या दोन ओळी, म्हणजे ओट्यापासून सहा इंच, गडद झाल्या होत्या. वरची कड सरळ नव्हती. भरतीचं पाणी वाळूवर जिथवर येऊन गेलं तिथे उमटते तशी लाटालाटांची. हाताला खरंच कोरडी. मी नळ पाहिले, सिंकचा सांधा पाहिला, मागच्या बाथरूमची भिंत ठोकून पाहिली. काही नाही. तेवढ्यात मावशी आल्या.

त्यांनी पदर खोचला, शेगडी उचलून बाजूला ठेवली, एक तांब्याभर पाणी ओट्यावर ओतलं, साबण टाकून घासणीने कोपऱ्यांत घसाघसा घासलं, आणखी दोन तांबे ओतले आणि वायपरने सगळं पाणी सिंककडे ओढलं. ओढायच्या आधी ते पाणी भिंतीच्या पायथ्याशी दोन-तीन मिनिटं तळ्यासारखं उभं होतं. "दिवसातून किती वेळा?" मी विचारलं. "दोनदा," मावशी म्हणाल्या, आणि जरा दुखावल्या. "सणावाराला तीनदा. घाण काम नाही माझं."

नव्हतंच. माझी आजी रात्री सगळी निजानीज झाली की ओटा धुवायची आणि कोरडा झाल्यावर शेगडीपुढे रांगोळीचं एक बोट ओढायची. तिच्या आधीच्या पिढीने रोज चूल सारवली. ओटा धुतल्याशिवाय स्वयंपाकघर मिटत नाही. बोस्टनच्या त्या स्वयंपाकघरात ओटा धुवायला जागाच नाही, पाणी थेट खालच्या कपाटांत जाईल. तिथे फवारा मारतात आणि फडक्याने पुसतात. तिथल्या भिंतीवर उडतात ते थेंब, आणि तो शब्दही थेंबांपुरताच आहे. डॅडोला मात्र रोज दोनदा पायथ्याशी तळं सोसावं लागतं. मुलीने पाठवलेल्या फोटोत हे दिसणं शक्य नव्हतं आणि मला न दिसण्याचं काही कारण नव्हतं. सातवी ओळ होती: खालच्या कडेशी पाणी साचू देऊ नका.

पाणी शिरलं कुठून, तेही सापडलं. ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात मी तोच सिमेंटचा ग्राऊट भरला होता. ओटा कणाकणाने हलतो. खाली ट्रॉल्या आपटतात, वर कोणी नारळ फोडतं. कडक सांध्याला केसभर चीर पडली आणि पहिल्या ओळीच्या खालच्या कडेने माती ते पाणी वातीसारखी वर ओढत राहिली. समोरून सीलर लावलेला, म्हणून पाणी बाहेरही पडेना. या सांध्यात सिलिकॉन हवा हे मला माहीत होतं. पांढरा सिलिकॉन पुण्याच्या पावसाळ्यात काळा पडतो आणि फोटोत वाईट दिसतो, म्हणून मी घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खालची ओळ काढली. वीस टाइल, त्यातल्या अकरा तुटल्या. त्यांच्या जागी ओट्याच्याच काळ्या ग्रॅनाइटची तीन इंचाची पट्टी बसवली आणि तिच्या खाली-वर सिलिकॉन भरला, काळा, म्हणजे बुरशी आली तरी कळायला नको. मावशींना सांगितलं, पूर्वीसारखंच धुवा. दुसरी ओळ तशीच ठेवली, वाळेल म्हणून. वाळली, पण पावसाळ्याच्या हवेत तिला पाच आठवडे लागले. काकूंनी टाइलच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावली आणि रोज सकाळी ओलीची कड जिथे असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. शाळेत त्या पर्जन्यमापकाची वही ठेवायच्या म्हणे. एकोणतीस जुलैला कड एक सूत वर गेली होती. शेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काल पाऊस फार'.

आता हळद. मी शेगडीमागे तरी साधी काच लावू म्हणाले होते. काकूंना ती हॉटेलसारखी वाटली. मग व्हायचं ते झालं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि फोडणी म्हणजे गरम तेलात हळद. उष्णतेने शेगडीमागचा सीलर इतर भिंतीच्या आधी दमतो. सप्टेंबरात तिथल्या आठ-दहा टाइलच्या रेषा पिवळ्या झाल्या, आणि सांध्याला मात्र चक्क लाल ठिपके. "सांध्याला कुंकू लागलंय," काकू म्हणाल्या, आणि ते शब्दशः खरं होतं. हळद आणि चुना मिळून जसं कुंकू होतं, तसंच सिमेंटही अल्कलीच. हळद तिथे लाल होते. आम्ही ते खरवडून पुन्हा भरलं.

गंमत अशी की पिवळेपणा सगळीकडे सारखा नव्हता. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी आठ ते साडेनऊ जो उन्हाचा चौकोन भिंतीवर पडतो, तेवढ्या टाइल जवळजवळ स्वच्छ. कारण प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं: हळदीचा डाग पडलेलं कापड उन्हात टाकलं की फिकं होतं. मी हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन उरलेल्या टाइल उजळवल्या आणि सीलर पुन्हा लावला. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकू शेगडीमागच्या टाइलवर चमच्याने पाण्याचा थेंब सोडतात आणि घड्याळ बघतात. पाच मिनिटं थेंब गोल राहिला तर ठीक. टाइल गडद झाली तर मला फोन. आत्तापर्यंत दोनदा आला.

तेव्हापासून मी ही टाइल शेगडीमागे लावत नाही. कोणी हट्ट धरला तर मी त्यांना काकूंकडे घेऊन जाते. दोघींनी बेत बदलला. तिसरीने काकूंकडे चहा घेतला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, मला हीच हवी.

गंजलेल्या त्या बावीस टाइल फेब्रुवारीतच मिस्त्रींनी मागून घेतल्या होत्या. "टाकून देणार असाल तर द्या." मी विसरूनही गेले. नोव्हेंबरात त्यांनी गावाहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्यांच्या घरात माठ ठेवायचा कोनाडा आहे. माठ पाझरतो म्हणून तिथली भिंत बारा महिने ओली, चुना टिकत नाही. तिथे त्यांनी त्या लावल्यात. सगळ्या टाइल एकसारख्या गडद झाल्यात, शेवाळी, आणि त्यावर तांबूस रेषांचं जाळं. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. सांधे सुतात होते.

मी फोन केला. सुरेख दिसतंय म्हटलं.

"भिजवूनच लावल्या, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "आठ दिवस पाणी मारलं."